उडता बटाटा

लिल्लमीर, ३ सप्टेंबर १९९६

प्रिय सिग्ने,

एक अत्यंत गंभीर बाब तुझ्या कानावर घालायची आहे. आधी खुर्चीत बस, मग वाच. माझ्या थर्मासचं झाकण हरवलं.

हसू नकोस. झाकण म्हणजे माझा पेला. मोसमाच्या पहिल्या सकाळी, एल्कच्या वाटेवर पाळतीला बसलेल्या एका सज्जन गृहस्थाच्या हातून त्याचा पेला निसटतो, उतारावरून घरंगळत दलदलीत जातो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बुडतो, यावर या देशात कुठलाही कायदा नाही. टोपीला नारिंगी पट्टी हवी, परवाना खिशात हवा, दर वर्षी नेमबाजीची परीक्षा हवी. पण शिकाऱ्यानं कॉफी कशातून प्यायची, याबाबत सरकार मूग गिळून बसलं आहे. मी थर्मासला तोंड लावून पाहिलं. जीभ भाजली. माझी जीभ भाजली म्हणजे गावाचं केवढं नुकसान, ते तुला सांगायला नको.

शेवटी नाल्यापलीकडून एवर्ट आला आणि त्यानं आपला पेला पुढे केला. तोच, बर्चच्या लाकडाच्या गाठीतून कोरलेला, ज्यातून तो आणि बाबा पाळतीवर आळीपाळीनं प्यायचे. म्हणाला, "घे. पण धुऊन परत दे. तुझ्या बोलण्याचा वास राहतो."

आता शिकारीबद्दल, कारण तू विचारशीलच. उजाडता उजाडता स्प्रूसच्या झाडांच्या गर्दीतून एक नर आला. घोड्याएवढा उंच, मोठी शिंगं. मी गोळी झाडली, ती मधल्या बर्चला लागली. साल उडताना मी स्वतः पाहिली. मग तो एवर्टच्या समोरून गेला आणि एवर्टनंही बार टाकला. तोवर नर पसार. रुट्गर टूवाला घेऊन आला. (रुट्गर आता आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या आहे, आणि टूवा ही त्याची कुत्री. दोघांपैकी अक्कल कोणाला जास्त, यावर वाद आहे.) एवर्टच्या बाजूला हुंगून झालं, नाल्यापर्यंत जाऊन झालं, रक्ताचा थेंब नाही. वर पाऊस आला. सोडून दिलं.

एवर्ट अजून त्याच जाड, बोथट नाकाच्या, शिशाच्या गोळ्या वापरतो. नळीतून निघताना वाटतं, आधी तिकीट काढून मग निघाली. मी तिचं नाव ठेवलंय 'उडता बटाटा', आणि सगळ्या टोळीनं ते उचललंय. उन्हाळ्यात मी ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून त्यात सगळ्या जातींच्या गोळ्या झाडल्या होत्या. माझी नवी तांब्याची गोळी आत शिरली की चार पाकळ्या उघडते आणि फुलासारखी होते. वजन कणभर कमी होत नाही. बटाटाही उघडतो म्हणा, पण सवडीनं.

तू उप्सालात लोकांचे दात उपटत बस.

तुझा भाऊ,
हाल्वार


उप्साला, ८ सप्टेंबर

प्रिय हाल्वार,

झाकणाच्या दुःखद निधनाबद्दल सहवेदना. अंत्यविधीला येता आलं नाही, दाढा होत्या.

पत्र दोनदा वाचलं. पेल्यावर तू पानभर लिहिलंस आणि एल्कवर दोन ओळी. हे तुझ्यासारखं नाही. तू चुकलास की चुकण्याचंही महाकाव्य करतोस. तर मला सांग, बार झाल्यावर त्यानं केलं काय? गोळी चुकली की जनावर आवाजाकडे बघतं. लागली की काहीतरी दाखवतं. पाठीची कमान करतं, मागचे पाय झाडतं, निदान बरगडीवरचे केस हलतात. हे तुला आणि मला एवर्टनंच शिकवलं, बाबांना धीर कुठे होता.

आणि टूवाला तुझ्या जागेवर का नेलं नाही? चुकली असं वाटलं तरी कुत्रं न्यायचंच, हा टोळीचा नियम आहे. की मी गाव सोडल्यावर बदलला?

शिवाय, नळीत होतं काय? तुझ्या त्या जाकिटात वर्षभराचं सामान असतं. गेल्या नाताळात त्यातून सुका मासा निघाला होता.

म्हाताऱ्याला बटाट्यावरून छळू नकोस. त्या बटाट्यांवर आपण लहानाचे मोठे झालो.

सिग्ने


लिल्लमीर, १४ सप्टेंबर

प्रिय सिग्ने,

दंतवैद्यांना प्रश्न विचारायची सवय असते, कारण समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला उत्तर देता येत नाही. असो.

बातमी वाईट आहे. तो नर सापडला. नदीपलीकडच्या टोळीला डोमकावळ्यांनी दाखवला, ओढ्याच्या काठी झुडपात. मी पाहायला गेलो होतो. जाणं भागच होतं, सगळे गेले. गवत एका जागी नाही, जागोजागी दबलेलं होतं. म्हणजे बसला, उठला, चार पावलं गेला, पुन्हा बसला. पाण्यापर्यंत पोचायचं होतं बहुधा. कोल्ह्यांनी इतकं कुरतडलं होतं की गोळीचं भोक कुठलं आणि दातांचं कुठलं, सांगता येईना. गोळी आत नव्हती, आरपार गेली असणार. मांस गेलं. आमच्या वाट्याच्या जनावरांतला एक कमी झाला.

मग सगळ्यांनी एवर्टकडे पाहिलं. त्या नरावर बार दोनच झाले होते आणि त्यातला एक बर्चला लागला होता, तसं मीच सांगितलं होतं. कोणीतरी मागून हळूच 'बटाटा' म्हणालं. नेहमीसारखं कोणी हसलं नाही.

परवा वाटे पाडले. दुसरे दोन एल्क मिळाले होते, त्यांचे. नेहमीसारखाच रुट्गर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी एकेका ढिगावर बोट ठेवून विचारत होतो, "हा कोणाचा?" आणि तो न बघता नावं घेत होता. एका ढिगाला तो म्हणाला, "एवर्टचा."

एवर्ट दारातूनच म्हणाला, "माझं नाव घेऊ नका."

रुट्गर वळला. वाटप चालू असताना वळायचं नसतं, पण वळला. "अरे, असं कसं? वाटा टोळीचा असतो, नेमाचा नव्हे."

"घेऊ नका म्हणतो ना," एवर्ट म्हणाला आणि सायकल काढून गेला. माझं बोट त्या ढिगावर तसंच राहिलं होतं.

शास्त्र म्हणून सांगतो, जड गोळीचा वेग कमी असला की लांबच्या जनावरावर ती पुरती उघडत नाही. शिसं मऊ असतं खरं, पण मऊपणालाही जोर लागतो. उलट तांबं कडक असलं तरी टोकाला पोकळ असतं, त्यामुळे आतलं पाणी त्या पोकळीत दाबलं जाऊन पाकळ्या फाकतात. ओल्या कागदात जे दिसतं ते मांसात तंतोतंत दिसतंच असं नाही, पण अंदाज येतो. यावर पुढेमागे सविस्तर लिहीन.

इकडे थंडी पडली.

हाल्वार


उप्साला, १९ सप्टेंबर

हाल्वार,

शिशाच्या मऊपणावर परिच्छेद लिहिलास आणि मी विचारलं त्याचं उत्तर एका शब्दानंही दिलं नाहीस. लहानपणी काच फोडलीस की तू मांजरांच्या जातींवर बोलायला लागायचास.

सोबत एवर्टचं पत्र पाठवते. माझ्या उभ्या आयुष्यात त्यानं मला पत्र लिहिलं नव्हतं. वाच आणि परत पाठव, मला ते जपून ठेवायचंय.

सिग्ने


(सोबतचं पत्र)

लिल्लमीर, १६ सप्टेंबर

पोरी सिग्ने,

मी पत्रं लिहीत नाही, तेव्हा चुका पोटात घाल. तब्येत बरी आहे. बटाटे काढून झाले.

हाल्वारनं कळवलं असेल. मी एक एल्क जखमी केला आणि सोडला. बार टाकला तेव्हा मला वाटलं नेम बरोबर आहे. तसं नेहमीच वाटतं. डोळ्यांनी दगा दिला असणार. मी रुट्गरला म्हणायला हवं होतं, उद्या पुन्हा कुत्री आण, मी येतो बरोबर. पाऊस होता, गुडघा दुखत होता, आणि माझ्या मनानं घेतलं की चुकलोच असेन. चुकलो असं मानणं सोपं जातं.

तो तिथं कितीतरी दिवस पडून होता. मी जेवायला बसलो तेव्हा पडून होता. बटाटे काढत होतो तेव्हाही.

टोळीच्या दरवर्षीच्या जेवणानंतर माझी जागा दुसऱ्याला द्या, असं रुट्गरला सांगितलंय. हाल्वारला हवी असेल तर त्याला. त्याच्या गोळ्या चांगल्या आहेत म्हणतात. बंदूक मात्र तू घे. तुझा हात स्थिर होता, तुझ्या बापापेक्षाही. हाल्वारला देत नाही, तो तिला हसतो.

माझा पेला त्याच्याकडे आहे, राहू दे. जंगलात बसून कॉफी पिण्याचं काही कारण उरलं नाही.

एवर्ट


लिल्लमीर, २४ सप्टेंबर

सिग्ने,

पत्र परत पाठवतोय. त्यावरचा कॉफीचा डाग माझा आहे, माफ कर.

तू विचारलंस, सांगतो. लिहून झाल्यावर पुन्हा वाचणार नाही, कारण वाचलं तर पोस्टात टाकणार नाही.

त्या सकाळी बोटं गारठली होती. उजाडलंही नव्हतं. मी चाचपून काडतुसं भरली आणि चुकीच्या खिशातून भरली. छातीवरच्या खिशात गेल्या हिवाळ्यातली, काळ्या रानकोंबड्यांसाठीची उरली होती. ती बंद गोळीची असतात, तुला माहीत आहेच. पाइनच्या शेंड्यावरच्या पक्ष्याला फुलणारी गोळी मारली तर नुसती पिसं घरी आणावी लागतात, म्हणून. ती उघडत नाही. सुईसारखी आरपार जाते. पक्ष्याला तेवढं पुरतं, एल्कला पुरत नाही. कायद्यानंही मना आहे. आपल्या गावचं शाळकरी पोर हे जाणतं, आणि गठ्ठे बांधून गोळ्यांची परीक्षा घेणारा मी जाणत नव्हतो असं नाही.

त्यानं पाठीची कमान केली नाही, पाय झाडले नाहीत. बरगडीवरचे केस मात्र हलले, वाऱ्यानं पडदा हलतो तेवढेच. मी पाहिलं. मग तो चालत गेला, पळालाही नाही. पोस्टात वाईट बातमी ऐकून माणूस निघतो तसा.

आणि बर्चची साल उडाली ती माझ्या बारानं नव्हे. एवर्टच्या.

रुट्गर आला तेव्हा माझ्या तोंडातून ती साल माझी म्हणून निघाली. का, विचारू नकोस. चुकणं एवढं लाजिरवाणं नसतं. पण केस हलले म्हणालो असतो तर कुत्री आणावी लागली असती, आणि कुत्रीनं एल्क शोधला असता तर रुट्गरनं भोक पाहिलं असतं आणि विचारलं असतं, पंडित, तुमचं फूल कुठे आहे? तेव्हा म्हणालो, "माझ्या बाजूला वेळ घालवू नका." संध्याकाळी बंदूक साफ करताना पाहिलं तर मोसमासाठी घेतलेल्या तांब्याच्या गोळ्यांच्या डबीचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. तरी मी स्वतःला म्हणालो, केस काय, वाऱ्यानंही हलतात.

म्हणजे मी एवर्टचा चुकलेला नेम चोरला आणि माझा लागलेला त्याच्या गळ्यात घातला. ओढ्याकाठी सगळे त्याच्याकडे बघत होते तेव्हा मीही बघत होतो. तेही सांगून टाकतो.

आता असा विचार कर. एवर्ट अठ्ठ्याहत्तरचा आहे. डोळे गेलेत, गुडघा गेलाय. आज ना उद्या त्याला जागा सोडायचीच होती. आता सोडतोय ती मानानं, स्वतःहून. मी बोललो तर माझा परवाना जाईल, टोळीची अब्रू जाईल आणि एल्क काही उठून बसणार नाही. तू बंदूक घेतलीस तर त्याला बरंच वाटेल. तुझं काय मत?

हाल्वार


उप्साला, २८ सप्टेंबर

हाल्वार,

माझं मत तुला माहीत आहे, म्हणून तर आधी उत्तर दिलं नव्हतंस.

एवर्टला लिहिलंय की बंदुकीबद्दल टोळीचं जेवण झाल्यावर कळवते. तोवर तिला तेल देत राहा, असंही.

'मानानं' हा शब्द तू कसा लिहू शकलास? मी ते पान पुन्हा उघडलं नाही.

सिग्ने


लिल्लमीर, ७ ऑक्टोबर

प्रिय सिग्ने,

बंदूक तुला मिळणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

जेवण शनिवारी होतं. सकाळी मी एवर्टकडे गेलो. तो लाकडं फोडत होता. वाटभर मी भाषण जुळवलं होतं, चांगलं होतं, सुरुवातीला एक विनोदही होता. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "पेला आणलास?"

मी म्हणालो, "नाही. एवर्ट, तो एल्क माझा होता."

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. मी सगळं सांगितलं. खिसा, बंद गोळी, बरगडीवरचे केस, साल. विनोद राहून गेला. मग त्यानं कुऱ्हाड पुन्हा उपसली तेव्हा, खरं सांगतो, मी एक पाऊल मागे सरकलो.

"चल," म्हणाला.

"कुठे?"

"बर्चकडे. तू सांगतोस म्हणून मी काय विश्वास ठेवू? महिनाभर तुझ्यावरच ठेवला होता."

नाल्यावरून त्यानं मला हात दिला नाही, मीच त्याला द्यायला गेलो तर झटकला. बर्च सापडला. छातीच्या उंचीवर साल फाटलेली, आतलं लाकूड काळं पडलेलं. एवर्टनं इतक्या हलक्या हातानं ढलप्या काढल्या की तू दाढेवरही तशा काढत नसशील. मग चाकूच्या टोकानं गोळी बाहेर आली. टोक पसरून छत्रीसारखं झालेलं, मागचा भाग तसाच शाबूत. त्यानं ती तळहातावर फिरवली.

"फुलली छान," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. माझ्या ओल्या कागदांत एकही गोळी इतकी सुरेख उघडली नव्हती.

"म्हणजे मी चुकलो." त्यानं झाडापासून आपल्या जागेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. "एवढ्याशा अंतरावरून, एल्क सोडून झाड मारलं. आणि आता हे सगळ्या गावाला कळणार. त्यापेक्षा तू गप्प होतास तेच बरं होतं की रे!"

मला हसू आलं. मी हसलो. तो हसत नव्हता.

परतताना बराच वेळ तो पुढे चालत होता. कुंपणाशी थांबून, मागे न बघता म्हणाला, "तो किती दिवस जिवंत होता, असं तुला वाटतं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. रोज हिशेब करायचो. आता तू कर."

संध्याकाळी, मटणाचा रस्सा वाढायच्या आधी, मी उभा राहिलो. बायका-मुलं होती, ज्यांच्या जमिनीवर आम्ही शिकार करतो ते शेतकरी होते. मी उभा राहिलो की लोक आधीच हसायला लागतात, तसे लागले. मग हळूहळू थांबले. कुठलं चित्र रंगवत नाही. सगळ्यांत वाईट होतं ते रुट्गरचं. तो रागावला नाही. टेबलाखाली टूवा झोपली होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "ही तुझ्या जागेपासून नव्वद पावलांवर होती, हाल्वार. नुसतं म्हणायचं होतंस."

पोलिसांना मी स्वतः कळवायचं ठरलं, सोमवारी म्हणजे आज कळवून आलो. माझी बंदूक त्यांच्याकडे आहे, पुढचं ते बघतील. परवाना राहिला तरी टोळीत पुढच्या मोसमात मला पाळतीची जागा नाही. टूवाच्या मागे दोरी धरून हिंडायचं, आणि ज्याची गोळी चुकली असं तो म्हणेल त्याच्या जागेवर आधी जायचं. एवर्टची जागा एवर्टचीच. वाटपाच्या दिवशीचा त्याचा वाटा रुट्गरनं फ्रीजरमध्ये नाव घालून ठेवला होता, तो एवर्टनं घरी नेला. माझा वाटा मी परत केला. कोणी नको म्हणालं नाही.

जेवताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मग एवर्ट भांड्यापाशी गेला, एक उकडलेला बटाटा काट्यानं उचलला, सबंध खोली ओलांडून आला आणि माझ्या ताटात ठेवला. त्यावर लोक हसले, महिन्याभरात पहिल्यांदा. मी तो सालासकट खाल्ला.

माझ्याशी तो अजून बोलत नाही. त्या शेजारच्या खुर्चीतही बसला नाही. बसायलाच हवं होतं, असं माझं म्हणणं नाही.

आज पोलिसांकडून येताना त्याच्या घरावरून आलो. पेला मी आधीच गरम पाण्यानं दोनदा धुतला होता, सुकवून जवसाचं तेल लावलं होतं. बाबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, तुला आठवत असेल. एवर्ट मागच्या अंगणात होता, कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. पडवीत त्याच्या टोपीशेजारी खिळा आहे, त्यावर पेला अडकवला आणि फाटक आवाज न करता लावून घेतलं.

थर्मासला झाकण अजून नाही. मी तोंड लावून पितो. भाजतं.

हाल्वार